शुगर-बीपी असलेल्या ज्येष्ठांनी किती चालावे, कसे चालावे?

"अब्बांना शुगर आहे, त्यांना बसू द्या." आपल्या घरांत हे प्रेमाने म्हटले जाते. पण सतत बसून राहिल्याने शुगर वाढते, पायांतली ताकद जाते आणि तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. या वयात खुब्याचे हाड मोडले, तर माणूस अंथरुणालाच खिळू शकतो.

किती चालावे?
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी. मधुमेह, बीपी असलेल्यांसाठीही हेच माप आहे. एकदम जमत नसेल तर जेवणानंतर दहा-दहा मिनिटे चाला. जेवणानंतर वाढणारी शुगर त्याने आटोक्यात राहते. गतीची खूण सोपी आहे: चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये.

ताकद आणि तोल
यासाठी आठवड्यातले तीन दिवस ठेवा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा. खुर्ची धरून टाचा उचला. नमाजमध्ये सांधे हलतात, हे खरे. पण तेवढ्याने चालण्याची कसर भरून निघत नाही.

दादी-नानींचे काय?
"घरकामात चालणे होतेच" असे म्हणून आपण त्यांना विसरतो. एकटीने बाहेर फिरायला त्यांना संकोच वाटतो. मोहल्ल्यातल्या चार-पाच जणींनी फजरनंतर मिळून निघावे, किंवा नातीला सोबत घेऊन गच्चीवर चालावे. आम्ही शाळावाल्यांनीही सुटी झाल्यावर मैदान तासभर महिलांसाठी उघडे ठेवायला काय हरकत आहे?

ही काळजी घ्या
• हृदयविकार असेल किंवा बरेच दिवस हालचाल नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.
• इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. थरथर, घाम, गरगर जाणवली तर थांबून तीन चमचे साखर खावी.
• पायांना मुंग्या येत असतील तर चप्पल नको, बंद बूट घाला. घरी आल्यावर तळवे तपासा.
• छातीत दुखले किंवा खूप दम लागला तर थांबा. दुखणे थांबत नसेल तर लगेच १०८ ला फोन करा.

ज्येष्ठांना नुसते "चाला" सांगून भागत नाही. घरातल्या कुणीतरी रोज दहा मिनिटे सोबत निघायला हवे.