लोखंडाची लाट

‘मौज’ हा शब्द आपण मराठीत इतक्या सहजपणे वापरतो, की तो अरबीतून आला आहे हे लक्षातही राहत नाही. अरबीत मौज म्हणजे लाट. माणसाने ही लाट पुढे लाकडाची केली, मग लोखंडाची केली, आणि तिला रोलर कोस्टर असे नाव पडले. मुंबईचे एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले, तेव्हा आमच्या वर्धा जिल्ह्यातही हळहळणारी माणसे निघाली. एकदा कधीतरी सहलीला किंवा नातेवाइकांकडे गेलेली, आणि ती एक फेरी जन्मभर सांगत आलेली. इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आणि लढाया आठवतात. पण माणसे कुठे जमून हसली, याचीही नोंद असायला हवी. म्हणून आज या लाटेविषयी बोलतो.

तिची सुरुवात रशियातली. सतराव्या-अठराव्या शतकांत तिथले लोक हिवाळ्यात लाकडी उतार उभारत, त्यावर पाणी ओतून बर्फ होऊ देत आणि वरून घसरत. १८१७ मध्ये पॅरिसला चाकांच्या गाड्या अशाच उतारांवरून सोडल्या गेल्या. फ्रेंच भाषेत म्हणून आजही रोलर कोस्टरला ‘रशियन डोंगर’ म्हणतात. गंमत म्हणजे खुद्द रशियन लोक त्याला ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात. अमेरिकेत १८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसन यांनी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या किनाऱ्यावर पाच सेंटांत फेरी सुरू केली. वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सायकलीएवढाही नाही. थॉम्पसन धार्मिक वृत्तीचे होते. लोकांनी गुत्त्यात बसण्यापेक्षा मोकळ्या हवेत निर्मळ करमणूक करावी, हा त्यांचा हेतू होता असे सांगतात. मी दारूबंदीच्या जिल्ह्यातला माणूस, त्यामुळे मला त्यांच्याविषयी थोडी जास्तच आपुलकी वाटते.

आकाशपाळणा याहूनही जुना. पिएत्रो देल्ला व्हाले नावाचा इटालियन प्रवासी १६१५ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, रमजानच्या उत्सवात अशा मोठ्या चक्रात बसला आणि हरखून गेला. हाच प्रवासी पुढे सुरत आणि गोव्यालाही येऊन गेला. १८९३ मध्ये शिकागोच्या ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्मपरिषद भरली आणि स्वामी विवेकानंद बोलले, त्याच प्रदर्शनात जॉर्ज फेरिस यांचे २६४ फूट उंचीचे पोलादी चक्र फिरत होते. आपला शब्द मात्र विहिरीवरून आला. पाणी उपसणारा रहाट, त्यावरून रहाटपाळणा.

भारतातले पहिले मोठे करमणूक उद्यान म्हणजे दिल्लीचे अप्पू घर. १९८२ च्या आशियाई खेळांचा शुभंकर होता अप्पू हत्ती, त्याचे नाव घेऊन ते १९८४ मध्ये प्रगती मैदानावर सुरू झाले. एस्सेलवर्ल्ड १९८९ चे. मी तिथे गेलो १९९१ मध्ये. मामूजान तेव्हा कुर्ल्याच्या एका चाळीत राहत. विदर्भ एक्सप्रेसने पुलगावहून मुंबई, मग लोकलने बोरिवली, गोराईचा धक्का, आणि खाडी ओलांडायला बोट. पलीकडच्या किनाऱ्यावरून किंकाळ्या ऐकू येत होत्या.

रोलर कोस्टरच्या गाडीला स्वतःचे इंजिन नसते. पहिल्या चढावर साखळी तिला ओढून नेते. खालून टक्-टक् आवाज येतो, तो गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खटक्याचा. साखळी सुटली की पुढचा सगळा खेळ गुरुत्वाकर्षणाचा. चाके रुळाच्या वर असतात, बाजूला असतात आणि खालीही असतात, त्यामुळे गाडी उलटी झाली तरी रूळ सोडत नाही. हे मला पुढे वाचून कळले. त्या दिवशी एवढेच कळले, की शेजारी बसलेल्या, कपाळाला गंध लावलेल्या अनोळखी गृहस्थांनी माझा हात घट्ट धरला आहे, आणि मीही त्यांचा. खाली उतरल्यावर दोघेही ओशाळून हसलो. ‘‘काय रे पोरा, पुन्हा बसायचं का?’’ त्यांनी विचारले. आम्ही पुन्हा रांगेत उभे राहिलो. नाव त्यांनी विचारले नाही, मीही विचारले नाही.

पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये, आणि मग जानेवारी १९९३ मध्ये, मुंबई पेटली. मामूजानांचे घर वाचले, पण त्यांनी ती चाळ सोडली. त्या दिवसांत इकडे पुलगावला रेडिओवर बातम्या ऐकताना मला त्या गृहस्थांचा हात आठवे. एका भीतीने माणसे एकमेकांचा हात धरतात, दुसरीने सोडतात. पहिली भीती जिथे तिकीट काढून मिळत होती, ती जागा मला क्षुल्लक वाटत नाही.

अशा जागा बहुधा शहराच्या कडेला वसतात, खाडीपलीकडे, तलावाकाठी. मग शहर वाढत वाढत तिथे पोचते, आणि जमीन पाळण्यांपेक्षा महाग होते. अप्पू घर २००८ मध्ये बंद झाले, त्याची जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी आणि मेट्रोसाठी गेली. आम्हाला जवळचे होते ते नागपूरच्या अंबाझरी तलावाजवळचे क्रेझी कॅसल. तेही राहिले नाही. गोराईला एस्सेलवर्ल्डच्या शेजारीच २००९ मध्ये विपश्यनेचा भव्य पॅगोडा खुला झाला होता. आत मौन, भिंतीपलीकडे किंकाळ्या, असा तो शेजार बरीच वर्षे नांदला.

आमच्या गावांतला मीना बाजार याला अपवाद. त्याच्या मालकीची जमीनच नसते. कापसाचे पैसे हातात आले की ट्रक येतात, आकाशपाळणा उभा राहतो, ड्रॅगनच्या तोंडाची छोटी गाडी रुळावर फिरू लागते, ‘मौत का कुआँ’वर मोटारसायकल घुमते. महिन्याभरात सगळे उचलून पुढच्या गावी. जिथून कोणी हुसकावू शकत नाही, असा हा एकच पाळणा.

बंद पडलेल्या उद्यानांची कागदपत्रे कंपन्यांकडे असतील, जमिनीचे उतारे सरकारदरबारी असतील. तिथल्या हसण्याचे दप्तर मात्र आपल्याच घरी आहे. तुमच्या अल्बममध्ये पाळण्यातला एखादा फोटो असेल, तर त्याच्या मागे गाव, साल आणि सोबतच्यांची नावे लिहून ठेवा. शेजारच्याचे नाव ठाऊक नसेल, तर ‘सोबतचे एक गृहस्थ’ एवढे तरी लिहा.