बेडक्याची परीक्षा

1882 च्या 24 मार्च रोजी रॉबर्ट कॉखने बर्लिनच्या विद्वत्सभेपुढे क्षयाचा जंतू सिद्ध केला, त्यानंतर शतकाहून अधिक काळ या रोगाच्या निदानाची मदार मुख्यत्वे सूक्ष्मदर्शकाखालील काचपट्टीवर राहिली. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसल्या की क्षयाचा दाखला मिळे. परंतु एक मिलिलिटर बेडक्यात दहा हजारांच्या आसपास जंतू असल्याखेरीज ही साक्ष सहसा निघत नसे, आणि निघाली तरी त्या जंतूंवर कोणते औषध चालेल याचा तीत उल्लेख नसे.

हे वैगुण्य औषधे आल्यावर भोवू लागले. स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटनमधील चाचणीचा वृत्तांत 1948 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातच अनेक रोग्यांचे जंतू औषधाला दाद देईनासे झाल्याची नोंद होती. अशा जंतूंची खात्री करावयाची म्हणजे अंड्यांपासून केलेले, मॅलाकाइट ग्रीनने हिरवट झालेले मिश्रण बाटलीत तिरपे थिजवून त्यावर बेडका पेरावयाचा, भुरकट खडबडीत पुंज उगवण्याची सहा-आठ आठवडे वाट पाहावयाची, आणि मग औषध मिसळलेल्या बाटल्यांत पुन्हा तितकीच मुदत काढावयाची. दरम्यान रोगी निरुपयोगी गोळ्या गिळी आणि घरच्यांना रोग वाटी.

1996 मध्ये न्यूयॉर्कच्या संजय त्यागी व फ्रेड क्रेमर यांनी जुळणारा जनुकांश भेटताच प्रकाशणारे रेणू रचले, तेव्हा ही कोंडी फुटण्याची वाट दिसली. रिफाम्पिसिन या क्षयावरील औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंचे दोष बहुतांशी एका जनुकाच्या अवघ्या 81 अक्षरांत असतात. त्या पट्ट्यावर पाच शोधक रेणू सोडले, तर ज्याचा प्रकाश पडत नाही तोच दोषाची जागा दाखवतो. हे काम बंद कुपीत उरकणाऱ्या यंत्राला आरंभी मोठे गिऱ्हाईक मिळाले ते मात्र अमेरिकेचे टपालखाते: 2001 मध्ये पाकिटांतून अँथ्रॅक्स आल्यावर तेथे त्याची तजवीज तातडीने झाली. क्षयाच्या वाट्याला अशी तातडी सहसा येत नाही, कारण त्याचे रोगी बहुधा गरीब असतात.

पुढे मुंबईसह पाच शहरांतील 1,730 संशयित रोग्यांवरील पाहणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्याच डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने दोन तासांत निकाल देणाऱ्या या परीक्षेस मान्यता दिली. परंतु त्या यंत्रास अखंड वीज आणि थंड खोली हवी, आणि तालुक्याच्या दवाखान्यात दोन्हींची वानवा. ही अडचण ओळखून गोव्यातील एका उद्योगाने बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट सिद्ध केले. 2020 मध्ये त्यालाही संघटनेची मान्यता लाभली.

तरीही हिरव्या बाटल्या अडगळीत गेलेल्या नाहीत. नवी परीक्षा मेलेल्या जंतूचाही जनुकांश ओळखते, म्हणून उपचार लागू पडतो आहे की नाही, हे पाहण्यासाठी आजही काचपट्टी रंगवावी लागते आणि बेडका पेरावा लागतो.