पडद्याआधीचे पान

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी दोन मराठी चित्रपटांचे आम्हांस स्मरण होते; त्यांच्या सन्मानांतही पन्नास वर्षांचेच अंतर आहे. १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला लाभले. सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा तो मान मराठीकडे पुन्हा आला २००४ मध्ये, ‘श्वास’मुळे. पुढे ‘श्वास’ भारतातर्फे ऑस्करसाठी गेला. अंतिम नामांकन मात्र हुकले.

दोहोंचे मूळ छापील पानांत आहे. ‘श्वास’मागे माधवी घारपुरे यांची कथा. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली. पडद्यावरची आई वनमालाबाईंची, आणि त्या ग्वाल्हेरच्या, म्हणजे आपल्याच मध्यप्रदेशातल्या! तथापि पुस्तकातील बेचाळीस रात्री कोणत्याही चित्रपटात मावणाऱ्या नव्हेत.

सिहोऱ्यातील आमची मुले हिंदीत शिकतात. चित्रपट त्यांना कळतो. पुस्तक कपाटातच राहते. वास्तविक लिपी तीच. अडखळतात ती बहुधा ‘ळ’पाशी. घरात रोज एक रात्र मोठ्याने वाचली, तर सहा आठवड्यांत पुस्तक पुरे होते.