कामगार-कपातीची भरपाई आणि किनवटचा तेंदू-मजूर

इ. स. १९५३ च्या ऑक्टोबरात कापडगिरण्यांवर कामबंदीचे संकट ओढवले असता १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यास कपातीच्या भरपाईची जोड देण्यात आली : एक महिन्याची सूचना, व सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षास १५ दिवसांचे सरासरी वेतन. (मराठीत ‘कपात’ हा शब्द वेतनास लागतो तसाच माणसासही, हे लक्षणीय आहे.) ब्रिटनमध्ये असा सर्वसाधारण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९६५ साली झाला. तेथे मात्र चाळिशी उलटलेल्या कामगारास वर्षामागे दीड आठवड्याचे वेतन मिळे, तरुणास त्याहून कमी. उतारवयात नवे काम मिळणे दुर्घट, हा व्यवहार त्या कायद्याने ओळखला. भारतीय कायद्याने केवळ सेवेची वर्षे मोजली.

१९५६ साली आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडात आलेल्या किनवट तालुक्यात ही तुलना निराळ्याच जागी अडते. भारतीय कायद्यान्वये भरपाईस वर्षाची अखंड सेवा लागे, व त्यासाठी बारा महिन्यांत निदान २४० दिवस काम भरावे लागे. तेंदूपानांची तोडणी तर उन्हाळ्यातील काही आठवड्यांची, आणि मजुरी पुड्यांच्या हिशेबाने. हंगाम सरला म्हणजे मजुरास कोणी कमी करीत नाही; काम संपते, एवढेच. ब्रिटिश कायद्यानेही त्याचे भागले नसते, कारण तेथे किमान दोन वर्षांच्या सेवेची अट होती.