शरणपूरचा वेनराइट: एका इंग्रजी आडनावाचा नाशिकमार्गे प्रवास

इंग्रजी आडनावांचे अभ्यासक त्यांची साधारणपणे चार गटांत विभागणी करतात: गावावरून पडलेली, वडिलांच्या नावावरून आलेली, धंद्यावरून रूढ झालेली आणि टोपणनावातून टिकलेली. विंचूरवरून विंचूरकर, ओढ्यावरून ओढेकर आणि धंद्यावरून सुतार किंवा लोहार ही आडनावे नाशिक जिल्ह्यात नित्य ऐकणाऱ्याला ही विभागणी परकी वाटणार नाही. वेनराइट हे यांपैकी धंद्याच्या गटातले आडनाव आहे. जुन्या इंग्रजीत शेतमाल वाहणाऱ्या अवजड गाड्याला ‘वेन’ आणि घडवणाऱ्या कारागिराला ‘राइट’ म्हणत, त्यामुळे वेनराइट म्हणजे गाडे घडवणारा सुतार. कार्टराइट आणि व्हीलराइट ही त्याच कुळीची, छकडे आणि चाके करणाऱ्यांची आडनावे होत.

१०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर जमिनीचा वारसा, कर आणि खटले यांची लेखी नोंद वाढत गेली, आणि एकाच नावाच्या दोन माणसांत फरक करण्यासाठी जोडलेली ओळख पुढील तीन-चार शतकांत हळूहळू वंशपरंपरागत झाली. प्रारंभी गाडे घडवणाऱ्यालाच वेनराइट म्हणत असत. पुढे ज्याने आयुष्यात कधी रंधा हाती धरला नाही, असा त्याचा नातूही वेनराइटच राहिला. अशा रीतीने धंद्याची खूण रक्ताच्या नात्याची खूण बनली, आणि इंग्लंडच्या उत्तरेकडील परगण्यांत हे आडनाव विशेष रुजले.

हेच आडनाव एकोणिसाव्या शतकात गोदाकाठी आले, तेव्हा त्याचा धंद्याशीही संबंध नव्हता आणि रक्ताशीही नव्हता. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील धर्मप्रसारक संस्थेचे रेव्हरंड डब्ल्यू. एस. प्राइस यांनी १८५४ मध्ये नाशिकलगत शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत स्थापली. शहरातील आजचा शरणपूर रोड तिचेच नाव सांगतो. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ब्रिटिश आरमार गुलाम वाहणारी जहाजे पकडत असे आणि त्यांतून सुटलेली अनेक मुले मुंबईत उतरवली जात. त्यांतील काही मुले शरणपुरास धाडली गेली आणि तेथे त्यांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम व बायबल शिकवले गेले.

या मुलांची घराणी, गावे आणि बहुधा भाषाही मागे सुटली होती, म्हणून बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना नवी नावे मिळाली आणि आडनावेही. सायमन प्राइस या तरुणाच्या नावात शरणपूरच्या संस्थापकाचे आडनाव दिसते, तर रिचर्ड आयझेनबर्गच्या नावात मिशनमधील एका जर्मन पाद्र्याचे. चेंगविंबे या मुलाचा मॅथ्यू वेलिंग्टन झाला आणि याओ जमातीतला एक मुलगा जेकब वेनराइट झाला. त्याच काळात जवळच्या रामकुंडावर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांचे आडनाव, मूळ गाव आणि पिढ्यांची नावे ओळीने उतरवली जात होती. आडनाव पूर्वजांचा माग दाखवते, ही त्या वह्यांमागची श्रद्धा. शरणपूरच्या मुलांच्या बाबतीत मात्र आडनावापाशीच नोंद सुरू होत असे आणि त्यामागे जाण्याची वाट बंद असे. त्यांची सुटका खरी होती, शिक्षणही खरे होते. परंतु हे नामकरण म्हणजे त्यांच्या पहिल्या आयुष्यावर मारलेली काट होती, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन या संशोधक-मिशनऱ्याच्या १८६६ च्या आफ्रिका मोहिमेत नाशिकचे नऊ तरुण होते, आणि १८७२ मध्ये वेनराइट व वेलिंग्टन यांच्यासह आणखी काही जण त्याच्या मदतीस गेले. १८७३ च्या मे महिन्यात, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाला. सोबत्यांनी त्याचे हृदय एका झाडाखाली पुरले, प्रेत उन्हात वाळवले आणि सुसी व चुमा यांच्या नेतृत्वाखाली सुमारे नऊ महिने चालून ते किनाऱ्यावर पोहोचवले. शरणपूरच्या शिक्षणाचा उपयोग येथे प्रत्यक्ष दिसतो: दफनाची प्रार्थना वेनराइटने वाचली, मृताच्या सामानाची यादी त्याने केली आणि झाडाच्या खोडावर लेखही त्यानेच कोरला. त्या लेखात लिव्हिंग्स्टनचे नाव, ४ मे १८७३ ही तारीख आणि काही सोबत्यांची नावे होती. कोरणाऱ्याचे स्वतःचे नाव मात्र त्यात नव्हते. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटी वाहणाऱ्यांत वेनराइट हा एकमेव आफ्रिकी होता. त्याने ठेवलेली या प्रवासाची दैनंदिनीही उपलब्ध असून, आफ्रिकी सोबत्यांच्या बाजूने लिहिलेला असा वृत्तांत दुर्मीळ आहे.

पुढे प्राइस यांनी मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी वसाहत उभारली आणि नाशिकचे अनेक आफ्रिकी तेथे स्थायिक झाले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या आडनावावरून त्या गावाला फ्रियरटाउन म्हणू लागले, तर नाशिकहून आलेल्या या लोकांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ हे नाव पडले. वेनराइट १८९२ मध्ये आजच्या टांझानियातील उरांबो येथे मरण पावला.

आडनावांचे कोश वेनराइटपुढे ‘गाडे घडवणारा’ एवढाच अर्थ देतात आणि उगमापुरता तो बरोबरही आहे. तथापि आडनावाचा इतिहास उगमापाशी संपत नाही. ते कोणी कोणाला दिले आणि ज्याला दिले त्याने त्या नावाने काय केले, हाही त्या इतिहासाचाच भाग असतो. इंग्लंडमधील वेनराइट घराण्यांना हे आडनाव वारशाने लाभले, जेकबला ते शरणपुरात चिकटवले गेले. तरीही या नावाने केलेल्या लेखनामुळे आणि कष्टांमुळे त्यावरचा त्याचा हक्क कोणत्याही वारसाइतकाच पक्का आहे, आणि नाशिकच्या इतिहासात त्याची नोंद असलीच पाहिजे.