यरीहोचा गुलाब : एका फोडाच्या कारणाचा शोध

‘शोशनात यरीहो’, म्हणजे यरीहोचा गुलाब, हे नाव कानाला गोड लागते. वाळवंटातल्या एका झुडपाचेही तेच नाव आहे. परंतु नेगेव, अरावा किंवा यार्देनच्या खोऱ्यात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत हा शब्द निघाला की तो बहुधा फोडाविषयीच असतो. प्रथम डास चावल्यासारखी लाल गाठ येते. काही आठवड्यांत ती वाढते, मध्ये खोलगट होते व तिच्यावर खपली धरते. ती फारशी दुखत नाही, तापही येत नाही, पण काही केल्या भरूनही येत नाही. कित्येक महिन्यांनी, कधी वर्षाने, आपोआप सुकते आणि जाताना आपला शिक्का मागे ठेवते. जिवाला धोका नाही. मात्र तो शिक्का गालावर पडला, आणि तोही वयात येणाऱ्या मुलीच्या गालावर, म्हणजे आईबापांना ‘धोका नाही’ हे सांगून समाधान होत नाही.

मी दक्षिणेत बरीच वर्षे परिचारिका होते. या फोडासाठी येणाऱ्या आया औषधाविषयी नंतर विचारीत. आधी विचारीत ते, “ताई, हे कशानं झालं गं? आमच्या घरात घाण नाही हो!” फोड झाला म्हणजे घरात अस्वच्छता असली पाहिजे, लोक तसे म्हणतील, हा त्या प्रश्नातला काटा. रुग्णाला रोगाच्या कारणाशी काय करावयाचे, ते डॉक्टर बघतील, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. कारण कळेपर्यंत दोष कुणाच्या तरी माथी मारला जातो. या फोडाचे नेमके कारण सिद्ध व्हावयास १९४१ साल उजाडावे लागले, आणि ती सिद्धता आपल्या यरुशलेममध्ये झाली. ती हकीकत सांगण्यासाठी हा लेख.

रोग जुना आहे आणि प्रत्येक शहराने त्याला आपले नाव दिले आहे. अलेप्पोचा फोड, बगदादचा फोड, अल्जीरियातील बिस्क्राचा फोड, आणि आपल्या हिंदुस्थानात दिल्लीचा फोड. अरबीत त्याला ‘हब्बत अस्-सना’, वर्षाचा फोड, असेही म्हणतात. अलेग्झांडर रसेल नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १७५६ साली अलेप्पोवर पुस्तक लिहिले, त्यात याचे वर्णन आहे. दोष मात्र कुठे पाण्याला, कुठे खजुराला, कुठे उन्हाळ्याला दिला जाई.

कारण ठाऊक नसतानाही एक गोष्ट त्या मुलखातील बायकांनी अचूक हेरली होती : हा फोड एकदा होऊन बरा झाला की सहसा पुन्हा होत नाही. म्हणून बगदादकडे आणि त्या बाजूच्या इतर मुलखांत फोडातला स्राव घेऊन लहान मुलाच्या मांडीवर किंवा दंडावर मुद्दाम टोचीत. व्रण झाकलेल्या जागी पडावा आणि चेहरा वाचावा, एवढाच हेतू. आपल्या इराकी शेजाऱ्यांपैकी वृद्ध मंडळींच्या अंगावर असे वाटोळे व्रण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. या मुलखातल्या आयांनी केलेला हा पहिला प्रयोग म्हणावयास हरकत नाही.

सूक्ष्मदर्शकाचा इतिहास कलकत्त्यापासून सुरू होतो. १८८५ साली डेव्हिड डग्लस कनिंगहॅम यांनी दिल्लीच्या फोडाचा एक तुकडा तपासला. त्यांना पेशींत काही चमत्कारिक कण दिसले. त्यांनी त्यांचे वर्णन छापले, पण ते काय आहेत हे त्यांना ओळखता आले नाही. १८९८ साली ताश्कंद येथील रशियन लष्करी डॉक्टर बोरोव्स्की यांनी हे सूक्ष्म प्राणी आहेत असे बरोबर ओळखले. परंतु लेख रशियन भाषेत आला आणि बाहेरच्या जगाने तो चाळीस वर्षे वाचलाच नाही. (आपण मराठीत लिहिणाऱ्यांनी यावर एक उसासा टाकावयास हरकत नसावी.) १९०३ साली बोस्टनमध्ये आर्मेनियाहून आलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीच्या फोडात जेम्स होमर राईट यांना तेच दिसले. त्याच वर्षी लेशमन व मद्रासचे डोनोव्हन यांनी काळ्या आजाराच्या रोग्यांच्या प्लीहेत तसलेच कण सापडल्याचे प्रसिद्ध केले, आणि रोनाल्ड रॉस यांनी त्यांना ‘लेशमानिया’ हे नाव दिले. कातडीवरचा साधा फोड आणि प्लीहा वाढून माणूस दगावणारा काळा आजार यांचे जंतू एकाच कुळातले निघाले!

प्रयोगशाळेत ते पाहणे फार अवघड नाही. फोडाच्या कडेचे थोडे खरवडून काचेवर पसरायचे व गीम्सा रंग द्यायचा. पेशींत लहान अंडाकृती ठिपके दिसतात, प्रत्येकात एक मोठा जांभळा बिंदू आणि शेजारी काडीसारखी बारीक रेघ. ती रेघ दिसली की निदान झाले.

पण जंतू दिसला म्हणजे कारण कळले असे नव्हे. तो माणसाच्या कातडीत आला कोठून? फोड उघड्या अंगावर होतात, चेहरा, हात, पाय, यावरून चावणाऱ्या कीटकाचा संशय होताच. डास, ढेकूण, माश्या सर्व तपासून झाले. अल्जियर्सच्या सर्जां बंधूंचा संशय वाळूमाशीवर होता. १९२१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्क्राहून वाळूमाश्या आणविल्या, त्या चिरडल्या आणि जेथे हा रोग नव्हता अशा अल्जियर्समध्ये स्वयंसेवकांच्या ओरखडलेल्या कातडीवर लावल्या. फोड आला.

ही वाळूमाशी, हिब्रूत ‘झ्वुव हाहोल’, पुष्कळांनी कधी पाहिलेलीच नसते. लांबी दोन-तीन मिलिमीटर, अंगावर केस, बसली की पंख वर उभे. डासासारखी गुणगुणत नाही. उडते तीही टुणटुण उड्या मारल्यासारखी. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आत शिरते. चावते बहुधा संध्याकाळी व रात्री. ती साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाही. दमट माती, शेणकूट, उंदरांची बिळे ही तिची जागा. म्हणजे बिचाऱ्या पाण्यावर शतकानुशतके घेतलेला आळ खोटा ठरला.

आता यरुशलेमकडे येऊ. शाऊल अॅडलर यांचा जन्म १८९५ चा, रशियन साम्राज्यातला. लहानपणी आईबापांबरोबर इंग्लंडात लीड्स येथे आले, तेथेच डॉक्टर झाले, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लष्करी सेवा केली. १९२४ साली ते यरुशलेमला आले. हिब्रू विद्यापीठाचे उद्‌घाटन व्हावयाचे होते त्याच्या आदल्या वर्षी. त्यांनी ऑस्कर थिओडोर यांच्यासह वाळूमाश्यांचा अभ्यास हाती घेतला. माशीच्या पोटात जंतू वाढतो हे त्यांनी दाखविले, आणि त्या पोटातला अंश माणसाच्या कातडीत टोचला की फोड येतो हेही १९२५ साली दाखविले. पण माशी स्वतः चावली की फोड येतो, हे काही केल्या सिद्ध होईना. संशय घेणाऱ्यांना तेवढी फट पुरेशी होती.

अॅडलर यांनाच प्रयोगासाठी योग्य प्राणी हवा होता. त्यांच्या सांगण्यावरून प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहरोनी यांनी १९३० साली अलेप्पोजवळच्या गव्हाच्या शेतातून सोनेरी हॅमस्टरची मादी व पिल्ले खणून आणली. आज आपल्या नातवंडांच्या पिंजऱ्यांत चाकावर धावणारे सोनेरी हॅमस्टर बहुतेक त्याच कुटुंबाचे वंशज होत. ज्या गावाने फोडाला नाव दिले त्याच गावाने हा प्राणीही दिला, हा योग गमतीचा खरा.

शेवटचा दुवा अॅडलर व बेर यांनी १९४१ साली जोडला. त्यांनी वाळूमाश्यांना पातळ पडद्यातून जंतू असलेले द्रव्य पाजले, आणि त्यात मिठाचे प्रमाण नेहमीच्या सलाईनच्या तिप्पट ठेवले. अशा माश्यांत जंतू तोंडाकडे सरकले. मग त्या माश्या स्वयंसेवकांना चावू दिल्या, आणि चावल्या जागी फोड उठले. हा निबंध छापला गेला ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ या भारतातील नियतकालिकात. तिकडेही हीच धडपड चालू होती. माशीला रक्त पाजल्यानंतर मनुका खाऊ घातल्या तर ती जगते व तिच्यातील जंतूही वाढतात, हे भारतात लक्षात आले होते. त्या युक्तीने १९४२ साली स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनी काळा आजारही वाळूमाशीच्या चाव्याने होतो हे स्वयंसेवकांवर सिद्ध केले. कनिंगहॅमपासून मोजले तर छपन्न वर्षे लागली.

या सर्व सिद्धतेला माणसाचीच कातडी लागली, हे मला नेहमी थबकविते. शास्त्रज्ञांची नावे पुस्तकांत आहेत, हात पुढे करणाऱ्यांची क्वचितच. आणि हात पुढे केलेला असणे ही गोष्ट लहान नाही. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली शोधणारे नॉर्वेचे हॅन्सन फार मोठे संशोधक. पण तो जंतूच कारण आहे हे दाखविण्यासाठी १८७९ साली त्यांनी एका रोगी स्त्रीच्या डोळ्यात, तिला न विचारता, टोचले. बर्गेनच्या न्यायालयाने १८८० साली त्यांना इस्पितळातील पदावरून दूर केले. न्यायालयाचे योग्यच झाले असे मी म्हणेन, शोध कितीही मोठा असो.

पुढे इस्राएलमध्ये प्रश्न उरला तो असा की, माणसे नसलेल्या ओसाड वाळवंटात माशीला जंतू मिळतो कोठून? १९६८ साली गुंडर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटातील जाड्या वाळूउंदरात तो सापडल्याचे प्रसिद्ध केले. हा उंदीर मलूआहची खारट पाने खातो, दमट बिळात राहतो, आणि त्याच बिळात वाळूमाशी वाढते. दोघांचा संसार आपल्याशिवाय उत्तम चालतो. नव्या वस्तीचा बुलडोझर किंवा सैन्याचा तंबू तेथे पोहोचला की माणूस मध्ये सापडतो. दिमोनाच्या आईच्या घरात घाण नव्हती, हे तिला छातीठोकपणे सांगता येई ते यामुळे.

यार्देनच्या खोऱ्यात पाठविल्या जाणाऱ्या सैनिकांसाठी जिवंत जंतूच मुद्दाम दंडावर टोचण्याचा उपाय येथे काही वर्षे करण्यात आला. सोव्हिएत उझबेकिस्तानात व इराणातही झाला. बगदादच्या आयांचीच ती युक्ती, फक्त पिचकारीने. काहींचे फोड मोठे झाले व लवकर भरले नाहीत, आणि १९८० च्या दशकात येथे ती पद्धत बंद पडली. गणवेशातल्या तरुणाने दिलेला होकार कितपत मोकळा असतो, याविषयी माझ्या मनात शंका आहे, ती नोंदवून ठेवते. माणसांसाठी मान्यता मिळालेली खात्रीची लस अजूनही नाही.

औषधाच्या बाबतीत बेअर शेव्याचे नाव घ्यावे लागेल. बेन-गुरियन विद्यापीठात योसेफ एल-ओन व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात पॅरोमोमायसिनचे मलम तयार केले. त्याआधी अँटिमनीची इंजेक्शने हाच मुख्य मार्ग होता, आणि लहान मुलाला ती देणे हे देणाऱ्यालाही नकोसे वाटे. मलमाने आग होते, कातडी लाल होते, मुले कुरकुरतात. तरी ते घरी लावता येते.

अलीकडे या फोडाची दुसरी जात पुढे आली आहे. तिबेर्या, मआले अदुमीम यांसारख्या डोंगराळ भागांत ती आढळते. तिची माशी निराळी, आणि जंतूचे घर उंदीर नसून खडकात राहणारा शाफान. हा फोड अधिक दिवस राहतो, चेहऱ्यावर अधिक येतो आणि मलमाला दाद कमी देतो. शाफानाला आवडतात दगडांचे ढीग. घरे बांधताना फोडलेले खडक वस्तीच्या कडेला लोटून दिले जातात, आणि शाफानाला आयते बिऱ्हाड मिळते. आपल्या घरामागे असा ढीग असेल तर नगरपालिकेत जाऊन तो हलविण्याचा अर्ज करावा. मी स्वतः दोन शेजारणींना असा अर्ज हिब्रूत लिहून दिला आहे.