रविवारची फेरी

आठवीत माझी फी कोणी भरली, ते आईने मला दहावी झाल्यावर सांगितले. वडील अंथरुणाला खिळलेले, केळीची वाडी गहाण पडलेली. एका रविवारी संध्याकाळी आमच्या वसईच्या घरी धर्मग्रामातले दोघे आले. चहा घेतला, वडिलांशी पिकापाण्याचे बोलले, गेले. ते संत विन्सेंट डी पॉल संस्थेचे होते.

पुढे मी या संस्थेची कुळकथा शोधली. 23 एप्रिल 1833 रोजी पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या काही मित्रांची पहिली सभा भरली. त्याच दिवशी ओझानामला 20 वर्षे पूर्ण झाली होती. (त्या वयात आपण काय करत होतो, ते इथे लिहीत नाही!) आदल्याच वर्षी कॉलऱ्याने शहरातली हजारो माणसे नेली होती. गरिबांच्या वस्तीत कसे जावे, हे या पोरांना सिस्टर रोझली रांद्यू यांनी शिकवले. गरजूला चर्चच्या दारात ताटकळत ठेवायचे नाही. आपणच त्याच्या घरी जायचे, तेही जोडीने. सभेत पिशवी फिरते, पण कोणी किती टाकले ते शेजाऱ्यालाही कळत नाही.

आमच्याकडे आलेल्या दोघांपैकी एक आपल्याच वर्गातल्या एकाचे वडील. तीन वर्षे आम्ही एका बाकावर बसलो, भांडलो; त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. अलीकडे मी त्याला सांगितले, तेव्हा तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "रविवारी पप्पा कुठे जातात, म्हणून आई फार भांडायची रे."